दहा डिश आणि एक लाल रेघ: वैद्यकीय मुखपृष्ठावर क्रिटाची परीक्षा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. मासिकाच्या मुखपृष्ठाचं चित्र काढायला क्रिटा हे संगणकावर रंगवायचं फुकट सॉफ्टवेअर उत्तम आहे. त्याच मुखपृष्ठाची छापखान्याला द्यायची फाइल मात्र त्यात पुरी होत नाही. चित्रापर्यंत सगळं क्रिटात करा. नाव, मथळे आणि शेवटची जुळणी दुसरीकडे.

मी कोल्हापुरात राहते. शिक्षण उपयोजित कलेचं. पोटापाण्याला पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंक आणि अधूनमधून एखाद्या दूध संस्थेची दिनदर्शिका. क्रिटावर लिहिलेलं बरंच वाचलं, पण ते सगळं ड्रॅगन आणि जपानी छापाच्या मुलींच्या चित्रांवर बेतलेलं. आपल्याकडे छापखान्यात जाणारं, चार जणांच्या समितीतून पास होणारं, विषयाच्या जाणकारांनी भिंग लावून तपासलेलं चित्र त्यात कसं होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

काम होतं डॉक्टरांच्या एका संघटनेच्या त्रैमासिकाचं. विषय, अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू. १८ ते २४ नोव्हेंबर हा या विषयाचा जागतिक जागृती सप्ताह असतो, त्या सुमाराला अंक निघायचा होता. संपादक डॉक्टरांनी अग्रलेखाचा कच्चा मजकूर आधीच पाठवला होता, ही मोठीच कृपा. एरवी मुखपृष्ठ आधी आणि मजकूर नंतर, अशीच आपल्याकडची रीत. त्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेला आकडा होता: २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या औषधप्रतिकारामुळे झाले. आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल व्याख्यानातच दिलेला इशारा होता, की पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेत राहिलात तर जंतू त्याला सरावतील.

मजकूर असा भक्कम, आणि मुखपृष्ठासाठी आलेल्या सूचना अशा: पृथ्वीच्या गोलाला गुंडाळलेला स्टेथोस्कोप. गोळ्यांच्या तोफेसमोर छाती काढून उभा राहिलेला राक्षस. ‘तो करोनाचा गोळा होता ना, तसं काहीतरी.’ एकाने तर मोबाइलवर एआयकडून करून घेतलेलं चित्रच समितीच्या ग्रुपवर टाकलं, त्यात दोन सापांचा दंड होता. वैद्यकाच्या देवाच्या, एस्क्लेपियसच्या काठीवर साप एकच असतो. दोन सापांची काठी हर्मिसची, आणि तो व्यापाऱ्यांचाही देव. आजच्या वैद्यकीय बिलांकडे पाहता समितीला हा बदल मुद्दाम हवा असेल, असं मनात आलं. बोलले नाही.

करोनाच्या गोळ्याबद्दल मात्र बोलले. तो राखाडी गोळा आणि त्यावरचे लाल काटे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांनी २०२० साली तयार केले. चित्र अप्रतिमच आहे. पण ते ओळख परेडचं चित्र आहे: हा पाहा विषाणू, असा दिसतो. आमच्या अंकाला ‘काय दिसतं’ यापेक्षा ‘काय घडतंय’ हे हवं होतं, आणि तेही दवाखान्याच्या टेबलावर पडलेल्या अंकाकडे जाता जाता नजर टाकणाऱ्याला कळेल असं.

कल्पना शेवटी औषधाच्या दुकानात सापडली. गोळ्यांच्या पाकिटाच्या डाव्या कडेला एक उभी लाल रेघ असते, तुम्ही पाहिली असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असा तिचा अर्थ. लेबलाच्या वरपासून खालपर्यंत, किमान एक मिलिमीटर जाडीची, असा नियमच आहे. आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तिच्यावर मोहीमही काढली होती. ती रेघ पाहताना वाटलं, अख्खं मुखपृष्ठच दहा गोळ्यांचं पाकीट करावं. दोन रांगा, पाच-पाच खळगे. प्रत्येक खळग्यात गोळीऐवजी एक पेट्री डिश, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायची चपटी बशी. डिशमध्ये जंतूंचा थर, मधोमध औषधाची चकती, आणि चकतीभोवती जंतू मेल्याने उमटणारं स्वच्छ वर्तुळ. पहिल्या डिशमध्ये वर्तुळ मोठं. मग कमी कमी होत जाणारं. दहाव्या डिशमध्ये जंतू थेट चकतीला येऊन भिडलेले. डाव्या बाजूला ती लाल रेघ. चेहरा नाही, राक्षस नाही, तोफ नाही.

इथून क्रिटा सुरू होतं.

आकार ए-फोर. कापायला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा धरून ३०० डीपीआयला कॅनव्हास होतो २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. नवीन फाइल उघडतानाच क्रिटा विचारतं, रंग आरजीबीत (पडद्याचे) हवेत की सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंचे), आणि छटांची बारकाई ८ बिट की १६ बिट. फुकटातलं सॉफ्टवेअर सीएमवायकेत थेट रंगवू देतं याचं अनेकांना अप्रूप वाटतं. माझा सल्ला, तो मोह टाळा. सीएमवायकेत काही ब्लेंडिंग मोड, म्हणजे एक रंग दुसऱ्यात मिसळायच्या पद्धती, अगदीच वेगळ्या वागतात. आरजीबीत रंगवा, १६ बिट ठेवा आणि सॉफ्ट प्रूफ वापरा. छापखान्याकडून त्यांची रंगाची प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्यायची, क्रिटात भरायची आणि कंट्रोल-वाय दाबायचं. पडद्यावरचं चित्र शाईत साधारण कसं उतरेल ते तिथल्या तिथे दिसतं. त्यात शिफ्टची भर घातली की शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग वेगळ्या रंगात झळकतात. माझी पहिली लाल रेघ अशीच झळकली. पडद्यावर जो भडक लाल दिसतो, तो चार शाईंत नसतोच. शंभर मॅजेन्टा आणि शंभर पिवळा यांच्या आसपास येऊन गपगुमान बसावं लागतं.

दहा डिश दहा वेळा काढायच्या नव्हत्या. चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांत, म्हणजे लेयरमध्ये, रंगवतात, आणि क्रिटात क्लोन लेयर नावाची सोय आहे. साध्या कॉपीसारखी ती नाही, कारण मूळ लेयरवर काहीही केलं की क्लोन आपोआप बदलतो, आणि तरी प्रत्येक क्लोन आपापल्या जागी सरकवता येतो. एका लेयरवर काचेची डिश आणि तिच्यातला अगार, म्हणजे जंतू ज्यावर वाढवतात ती जेली, रंगवला, त्याचे नऊ क्लोन करून खळग्यांत बसवले.

याचं मोल समितीच्या बैठकीत कळलं. रक्ताचा अगार लालभडक आणि देखणा असतो, तो घ्या, असा अध्यक्षांचा आग्रह होता. मी तसं रंगवलंही. संघटनेतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी पडद्याकडे एकदाच पाहिलं.

‘‘हे कुणी सांगितलं तुम्हाला?’’

मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चहाकडे.

‘‘ही तपासणी साधारणपणे म्युलर-हिंटन अगारवर करतात. तो फिकट पिवळा असतो, गव्हाच्या काडासारखा. रक्ताचा अगार काही ठरावीक जंतूंपुरता. हा अंक उद्या माझे विद्यार्थी बघणार आहेत.’’

बैठक चालू असतानाच मूळ लेयरचा रंग बदलला. दहाच्या दहा डिश एकदम पिवळ्या झाल्या. अध्यक्षांना ती जादू इतकी आवडली की लाल रंगाचं दुःख ते विसरले.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यामुळे कल्पनाच सरळ झाली. वेगवेगळ्या डिशमध्ये वेगवेगळी औषधं दाखवावीत, असा माझा विचार होता, म्हणजे चकत्यांवर निरनिराळी अक्षरं येतील आणि जरा गंमत वाढेल. त्या म्हणाल्या, अजिबात नको. प्रत्येक औषधाच्या वर्तुळाचा मापदंड निराळा. एकाचं २० मिलिमीटर म्हणजे पास, तर दुसऱ्याचं २० म्हणजे नापास. दहाही डिशमध्ये एकच औषध असेल तरच लहान होत जाणाऱ्या वर्तुळाला अर्थ. मग सगळीकडे सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती आली, तिच्यावरचा आकडा ५, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम. पहिल्या डिशमध्ये ३० मिलिमीटरचं वर्तुळ धरलं. खरी डिश ९० मिलिमीटरची, माझी छापात ४० ची, म्हणून वर्तुळ साधारण १३ चं. आणि शेवटच्या डिशबद्दल मॅडमनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: वर्तुळ उमटलंच नाही तर आम्ही शून्य लिहीत नाही, सहा लिहितो, कारण चकतीच सहा मिलिमीटरची असते.

आता जंतूंचा थर. प्रयोगशाळेत त्याला लॉन म्हणतात. तो हिरवा नसतो. राखाडीकडे झुकणारा, किंचित दुधी, मॅट पापुद्रा असतो. क्रिटात स्प्रे जातीचं ब्रश इंजिन आहे, त्यात कणांचा आकार, दाटी आणि विखुरण वेगवेगळी ठरवता येते. बारीक कण, भरपूर दाटी आणि पेनाच्या दाबावर कमीजास्त होणारी अपारदर्शकता असं जुळवल्यावर तो पापुद्रा हुबेहूब आला. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मला इतकं बारीक नियंत्रण सहज सापडलं नव्हतं.

स्वच्छ वर्तुळ मात्र मी रंगवलं नाही. थराच्या लेयरला ट्रान्सपरन्सी मास्क जोडला आणि मास्कवर काळा गोल मारला. काळ्याखालचा थर नाहीसा होतो आणि खालचा पिवळसर अगार उघडा पडतो. प्रयोगशाळेतही तसंच होतं, औषध अगारमध्ये पसरतं, तिथे जंतू वाढत नाहीत, आणि खालचा अगार दिसतो. मास्कला चवीपुरता ब्लर दिला की वर्तुळाची कड खऱ्यासारखी होते. फार दिला तर बोरिक पावडर सांडल्यासारखी दिसते. वर्तुळ लहानमोठं करायचं तर मास्कवरचा गोल बदलायचा, थराला हात लागत नाही. सातव्या आणि आठव्या डिशमधला फरक पुरेसा जाणवत नाही असं संपादकांचं म्हणणं पडलं, तेव्हा ते काम चहा संपायच्या आत झालं.

पाकिटाच्या चांदीवर बारीक चौकटींची नक्षी असते. त्यासाठी रॅप-अराउंड मोड वापरला. डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चारही बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, एका कडेने बाहेर गेलेली रेघ समोरच्या कडेने आत येते. एक तुकडा काढायचा, त्याचा पॅटर्न करून फिल लेयरमध्ये ओतायचा, सांधा दिसत नाही. साड्यांच्या बुट्ट्या काढणाऱ्यांनी तर एवढ्यासाठीच क्रिटा घ्यावं.

समितीत एक औषधविक्रेते होते. त्यांनी बिनतोड हरकत घेतली. ताई, लाल रेघ पाकिटाच्या मागच्या, छापलेल्या बाजूला असते; फुगलेले खळगे पुढच्या बाजूला. दोन्ही एकदम कसे दिसतील? बरोबर आहे, नाहीच दिसणार. मी ते तसंच ठेवलं. पाकीट हे चित्रातलं रूपक आहे, त्याच्या दोन्ही बाजू एकदम दाखवायचा हक्क चित्रकाराचा. डिशच्या आत जे घडतंय ते विज्ञान आहे, तिथे माझा हक्क संपतो. वैद्यकीय मासिकाचं मुखपृष्ठ करणाऱ्याने ही सीमा पहिल्याच बैठकीत आखून घ्यावी. नाहीतर डॉक्टर रूपक दुरुस्त करत बसतात आणि अगार लालच छापला जातो. मॅडमनी माझी बाजू घेतली. औषधविक्रेते पटलं नाही तरी हसले.

आता उणी बाजू.

पहिली अडचण अक्षरांची. मी वापरते त्या ५.२ आवृत्तीत मजकूर वेगळ्या खिडकीत टाइप करावा लागतो, चित्रावर थेट नाही. एखादा शब्द टाकायला चालेल. पण मासिकाचं नाव, त्याखाली अंकाचा विषय, कडेला लेखांची नावं, त्यांच्यातलं अंतर डोळ्यांनी जुळवणं, हे या पद्धतीने करणं म्हणजे शिक्षा. चकत्यांवरची बारीक अक्षरंसुद्धा मी हाताने काढली. मासिकाचं नाव इंकस्केपमध्ये केलं, तेही फुकट. फॉन्ट ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’. ठळक वजनात तो पाकिटावर छापलेल्या औषधाच्या नावासारखा दिसतो, तोच हेतू होता. मग नावाचे पाथ करून टाकले, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, फॉन्टची गरज उरली नाही. हे विसरू नका. आपल्याकडच्या कित्येक छापखान्यांत अजून श्रीलिपीचे जुने फॉन्ट आणि कोरलड्रॉ चालतं. युनिकोड मजकूर तसाच पाठवलात तर वेलांट्या कुठल्या कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही.

दुसरं, क्रिटातून छापाची पीडीएफ निघत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षाच नाही, ते रंगवण्याचं साधन आहे. सगळे लेयर एकत्र करून सपाट केलेली टिफ ही चित्र-फाइल काढली, सीएमवायकेत बदलून, प्रोफाइल जोडून. डीटीपीवाल्या मुलाने ती कोरलमध्ये घेतली, वर नाव बसवलं. टिफ काढण्याआधी क्रिटाच्या मूळ केआरए फाइलची प्रत बाजूला ठेवा. सीएमवायकेत बदललेल्या फाइलवर पुन्हा रंगवायला बसू नका.

तिसरं, मेमरी. १६ बिटची ए-फोर फाइल, वर क्लोन आणि मास्कांचा ढीग, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपला दम लागणारच. मोठा ब्रश मागून रखडत येतो. सेटिंगमध्ये मेमरीची मर्यादा वाढवता येते, आणि पूर्ण झालेले लेयर एकत्र करून टाकले तर ओझं कमी होतं. पण मग ते बदलता येत नाहीत, आणि समितीचं काम असेल तर काहीच पूर्ण झालेलं नसतं.

छपाईचं थोडक्यात सांगते, कारण ते क्रिटाच्या हातात नाही. पण सॉफ्ट प्रूफ पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हे वाचावं. अगारचा पिवळा मी पडद्यावर फार नाजूक ठेवला होता. मशीनवरच्या मामांनी प्रिंट उजेडात धरली.

‘‘ताई, ह्यो पिवळा उडणार बघा. वर मॅट लॅमिनेशन हाय न्हवं? मग तर दिसायचाच न्हाई.’’

तीस वर्षांच्या डोळ्याला प्रोफाइल लागत नाही. पिवळी शाई वाढवली. वाढवायला पुन्हा तोच मूळ लेयर, पुन्हा दहाही डिश एकदम. मामांनी दुसरं सांगितलं ते लाल रेघेबद्दल. ती मुखपृष्ठाच्या डाव्या कडेला, म्हणजे नेमकी घडीच्या बाजूला येत होती. घडी एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते, आणि कडेला चिकटलेली उभी सरळ रेघ लगेच तिरकी दिसू लागते. घडीपासून १२ मिलिमीटर आत घेतली. छापून आलेल्या अंकात सरळ आहे.

क्रिटा कुणी घ्यावं? विद्यार्थ्यांनी डोळे मिटून. ज्यांना सॉफ्टवेअरचं महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं जिवावर येतं अशा माझ्यासारख्या सुट्या चित्रकारांनीही. वैद्यकीय किंवा विज्ञानविषयक चित्रं करणाऱ्यांनी खास करून, कारण या कामात जाणकारांची दुरुस्ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मुळाशी येते, आणि क्लोन व मास्क यांच्यावर उभारलेलं चित्र ती दुरुस्ती सोसतं. ज्यांचं काम मुख्यतः अक्षरांचं, पत्रिका, फ्लेक्स, जाहिराती, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. पेन टॅबलेट हवाच. माउसने क्रिटा वापरून त्याला नावं ठेवणं हा अन्याय. टॅबलेट महाग हवा असं नाही, माझा अगदी साधा, पडदा नसलेला आहे.

क्रिटाच्या संकेतस्थळावरून ते कायमचं फुकट उतरवता येतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून तेच पैसे देऊन घेतलं तर त्या रकमेतून पुढच्या कामाला हातभार लागतो. मी आधी फुकटचंच वापरत होते. या अंकाचं मानधन आल्यावर विकतचं घेतलं. मानधन किती ते विचारू नका, पण त्यात क्रिटा आरामात बसलं.